पाच खांब

आप्पांनी चौथ्या चाकावर बोटांची पेरं आपटली, कान देऊन आवाज ऐकला आणि गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आले. परीक्षक बाई छातीशी फाईल धरून मघापासून उभ्या होत्या.

"झालं का?"

"झालं. मागच्या डाव्या चाकात हवा जरा कमी आहे. आजच्यापुरतं चालेल."

"हे दर वेळी करता?"

"गाडीला हात लावायचा म्हणजे आधी एक फेरी मारायची. बसच्या वेळेपासूनची खोड आहे."

बाईंनी फाईलमध्ये दोन शब्द लिहिले. आप्पांना वाटलं, चला, सुरुवात तर झकास झाली. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कचेरीच्या काचेआड त्यांचा मुलगा उभा होता. अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला, कपाळ वरपर्यंत गेलेलं. तरी घरात त्याला अजून सोन्याच म्हणत. त्यानं काचेतून अंगठा वर केला. सकाळपासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं: "आप्पा, नुसतं तुमच्यासारखं चालवा. तुम्हाला नापास करणारा अजून जन्माला यायचाय." आप्पांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. सीट दोन खाचा पुढं घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा ओढून खटका बसल्याची खात्री केली आणि बाई शेजारी बसेपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबले.

प्रकरण असं होतं. रस्त्यांवर खांब उभारून त्यांवर कॅमेरे बसवल्यापासून वेग जास्त झाला की घरी नोटीस येई. नंबराच्या पाटीचा फोटो, तारीख, वेळ, वेग, आणि खाली एक रिकामी ओळ: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? दोन वर्षांत अशा पाच नोटिसा एकाच्या नावावर चढल्या की त्याचं लायसन्स वर्षभरासाठी निलंबित. सोन्याच्या नावावर चार चढल्या होत्या. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठं कुणी लिफ्टमध्ये अडकलं की कंपनीचा फोन येणार आणि चाळीस मिनिटांत तिथं पोचायचंच, असा कंपनीचा नियम. लायसन्स गेलं की गाडी गेली आणि गाडी गेली की नोकरी गेली. पाचवी नोटीस आली त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. मग सोन्याच म्हणाला, "आप्पा, तुमचं लायसन्स नुसतं पाकिटात पडून आहे. तुम्ही कुठं चालवता आता?"

सूनबाईनं आपल्या वळणदार अक्षरात त्या रिकाम्या ओळीवर आप्पांचं नाव लिहिलं आणि सोन्यानं कागद पुढं सरकवला. चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. गाडीला साधा ओरखडा नाही. डेपोत त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. सावकाशच्या मागं आपली बस लागली की चहा हुकला, असं गणित होतं. त्या माणसानं सहीसाठी पेन उचललं, खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा उचललं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. केली सही. एकदा मन निर्ढावलं की पुढचं सोपं जातं म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या सहीला पाच मिनिटं लागली. पाचवी तर त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या बघता बघता केली.

आता त्यांच्याही नावावर पाच झाल्या होत्या. साठी उलटलेल्यांना एक सवलत होती. लायसन्स काढून घेण्याआधी परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. नीट चालवली तर समज देऊन सोडत. हे कळल्यावर घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सोन्या तर हसत सुटला. "हे म्हणजे माशाला पोहायची परीक्षा!"

"निघू या," बाई म्हणाल्या.

बाई पन्नाशीच्या जवळ आलेल्या. चष्मा दोरीला अडकवून गळ्यात, गालात खोकल्याची गोळी. पुढं घ्या, इथं वळा, आता पुलावरून, एवढंच बोलत. दोन वळणं गेल्यावर आप्पांच्या ध्यानात आलं की त्या रस्त्याकडे फारशा बघतच नाहीयेत. त्यांची नजर खाली होती, आप्पांच्या उजव्या पायावर. बघेनात का! पाय काही चोरीचा नव्हता.

पुलावर त्यांनी पुढच्या ट्रकची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवलं. पूल उतरल्यावर एक बाई दोन हातांत दोन पिशव्या घेऊन झेब्रा पट्ट्यांशी उभी होती. आप्पा थांबले. मागच्यानं हॉर्न दिला. आप्पांनी तिला आधी पिशव्या नीट धरू दिल्या, मग हातानं 'या' म्हटलं. मागच्यानं आणखी दोनदा हॉर्न दिला.

"घाई आहे वाटतं त्याला," परीक्षक बाई म्हणाल्या.

"असेल. घरी कुणी आजारीसुद्धा असेल. पण पट्टे ते पट्टे."

मग कारखान्याच्या भिंतीकडेचा लांब सरळ रस्ता आला. तिथं भल्याभल्यांचा पाय खाली जातो, पण आप्पांचा काटा पन्नासवर चिकटवल्यासारखा राहिला. मग बाजारामागचा उतार, मग मोठा चौक, मग शाळेचा रस्ता. अधूनमधून बाई कागदावर एक बारीक खूण करत. आप्पा डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते टिपत होते. एक. दोन. शाळा मागं पडली तेव्हा पाचवी झाली. पाचांतले पाच! आप्पांना गंमत वाटली. सत्तरीला आलेला माणूस, पण खुणा मोजताना पोटात गुदगुल्या होतच होत्या. घरी गेल्यावर चिमीला सांगायचं, तुझ्या आजोबांना पैकीच्या पैकी.

"बाजूला घ्या," बाई म्हणाल्या. "बंद करा गाडी."

एका बंद गोदामाच्या दारापुढं आप्पांनी गाडी घेतली. हँडब्रेक ओढला.

"एकोणीस वर्षं मी या सीटवर बसते आहे," बाई म्हणाल्या. "इतकी सुरेख गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नाही."

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आप्पांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हणून तर पंचाईत झाली," बाई म्हणाल्या. "काका, कॅमेरे कुठं कुठं आहेत ते सांगा बरं."

"कसले?"

"ज्यांनी तुम्हाला पाच वेळा पकडलं ते."

"एक... पुलावर आहे."

"पुलाच्या कुठल्या टोकाला?"

आप्पांनी पुढच्या काचेकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं लिहिलेलं होतं.

"आपण पाचही खांबांखालून आलो," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "मी मुद्दाम आणलं. सगळ्यांनाच आणते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. ज्याला नोटिसा आल्यात त्याचा पाय खांब दिसायच्या आधी ब्रेकवर जातो, आणि खांब गेला की पुन्हा खाली. तोंडानं काही विचारावं लागत नाही. तुमचा पाय पाचांपैकी एकाही खांबाला हलला नाही. तुम्ही एकदा वर पाहिलं नाहीत. तिथं खांब आहेत हेच तुम्हाला ठाऊक नाही."

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! घरातल्या तीन शहाण्या डोक्यांना हे सुचलं नव्हतं. धडधडीत खोटं बोलायला निघालेल्या माणसानं आपला खरा हात दाखवू नये, एवढी साधी अक्कल. पण आप्पांना दुसरा हातच नव्हता.

"वयामुळं विसरायला होतं," ते म्हणाले.

"हवा कमी असलेलं चाक विसरला नाहीत."

बाईंनी फाईल उघडली. "घरी येते ती नुसती पाटी. पूर्ण फोटो आमच्याकडे असतो." त्यांनी एकेक कागद आप्पांच्या मांडीवर ठेवला. चार फोटोंत पुढच्या काचेवर ऊन चकाकत होतं आणि चालकाच्या जागी नुसता काळा डाग होता. कुणीही असू शकला असता. पाचवा शाळेच्या रस्त्यावरचा होता. चालकाच्या जागी तसाच काळा डाग, पण शेजारच्या सीटवर सावली पडली होती आणि तिथलं सगळं लख्ख दिसत होतं. सात वर्षांची चिमी सीटवर गुडघे टेकून, दोन्ही तळवे डॅशबोर्डवर ठेवून उभी होती. वेण्या उडालेल्या. पट्टा नाही. तोंड उघडं होतं आणि ती खदखदून हसत होती.

"ही कोण?"

"नात."

"इथं हद्द तीसची आहे. वेग एक्काहत्तर. सकाळचे आठला दहा कमी, म्हणजे शाळा भरायची वेळ. हिला अशी पुढं बसवून तुम्ही चालला होतात?"

आता माघार घेता येत नव्हती. आप्पांनी फोटोवरून नजर काढायचा प्रयत्न केला. निघेना.

"हो," ते म्हणाले.

शब्द बाहेर पडला. पाच सह्या केल्या होत्या, पण त्या कागदावर. हे तोंडानं म्हणणं वेगळं होतं. मी या पोरीला अशी बसवली आणि मी पाय दाबला. चौतीस वर्षांत कुणाचं पोर बसच्या दारात उभं राहिलं तरी ज्यांनी गाडी हलवली नव्हती, त्यांनी हे कबूल केलं होतं.

गालातली गोळी बाईंनी दुसऱ्या बाजूला घेतली.

"मला दोनच गोष्टी लिहिता येतात. चालक सुरक्षित आहे, किंवा चालक सुरक्षित नाही. सुरक्षित लिहिलं तर या पाच सह्या खोट्या ठरतात, आणि फाईल गाडीच्या मालकाकडे जाते. सुरक्षित नाही लिहिलं तर तुमचं लायसन्स इथंच जमा, फाईल बंद."

"मग सुरक्षित नाही लिहा," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "मला नको लायसन्स. करायचंय काय या वयात? लिहून टाका."

"कशावरून लिहू? एक चूक दाखवा मला."

"तुम्ही लिहिलंत तर कोण विचारणार आहे?"

"मी खोटं लिहीत नाही, काका. त्याला घरोघरी माणसं आहेत." त्यांनी पट्टा पुन्हा लावला. "चला परत. अजून अर्धा रस्ता आहे."

अजून अर्धा रस्ता आहे. आप्पांनी ते वाक्य धरून ठेवलं. एक चूक हवी होती ना? एक चूक तर करता येईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालेल्या माणसाला एक वाट दिसली तर तो ती आडवाटच आहे का हे बघत बसत नाही. पुढं एक सिग्नल लागणार होता. लाल असला तर सरळ निघून जायचं. बस्स. बाई लिहितील, लायसन्स जाईल, सोन्याची नोकरी राहील, विषय संपला.

सिग्नल लाल होता.

दुपारचा रस्ता मोकळा. समोर दोन बंद दुकानं, एका पायरीवर झोपलेलं कुत्रं. आडव्या रस्त्यावर लांबवर कुणी नाही. आप्पांनी वेग कमी केला नाही. रेषा जवळ आली. शेजारी बाईंनी हात वर करून दारावरची मूठ पकडली, पण तोंडातून शब्द काढला नाही. जा, आप्पा स्वतःला म्हणाले, जा, मेल्या, एकदाच तर जायचंय.

अशा वेळी एखादं पोर चेंडूमागं धावत आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. कुणी आलं नाही. कुत्रंसुद्धा उठलं नाही. आप्पांचा पाय आपला आपण उचलला गेला, ब्रेकवर आला, आणि गाडी रेषेच्या हातभर अलीकडे उभी राहिली. त्यांनी पायाकडे पाहिलं. रडू येईल की काय असं वाटलं त्यांना. इतका राग त्यांना स्वतःच्या अवयवाचा कधी आला नव्हता.

दिवा लालच होता. या सिग्नलला नेहमी वेळ लागतो. आणि त्या रिकाम्या वेळात आप्पांच्या डोक्यात पुढचा हिशेब आपोआप उलगडत गेला. आपलं लायसन्स गेलं, बरं. पुढच्या महिन्यात पुन्हा नोटीस येईल. येणारच. मग त्या रिकाम्या ओळीवर कुणाचं नाव? सूनबाईकडे लायसन्स होतं. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या फटक्यात काढलेलं, पण सोन्या तिला चालवू देत नसे. तू चालवण्यापेक्षा बैलगाडी बरी, म्हणे. आधी माझं, मग तिचं. तिच्याच वळणदार अक्षरात तिचंच नाव. आणि तोवर शेजारच्या सीटवर चिमी गुडघे टेकून हसत असणार.

हिरवा झाला. आप्पांनी गाडी हलवली नाही.

"माझा मुलगा चालवत होता," ते म्हणाले. "पाचही वेळा."

बाईंनी मूठ सोडली. "हिरवा आहे, काका," त्या म्हणाल्या. "चला."

कचेरीत बाईंच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर बंद पडलेला पंखा होता. आप्पांनी पाकिटातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. खोट्या सह्यांबद्दल ते तीन महिने जमा राहणार होतं. तेवढ्यात सोन्या आत आला, हसतच.

"काय मॅडम, आमचे आप्पा म्हणजे..." टेबलावरचं लायसन्स दिसलं आणि तो थांबला. "नापास?"

"पास झाले," बाई म्हणाल्या. "बसा."

सगळं ऐकून घेईपर्यंत सोन्याचा चेहरा दोनदा लाल होऊन पांढरा झाला. त्यानं बाईंकडे पाहिलंच नाही. बापाकडे पाहत राहिला.

"काय केलंत हे, आप्पा? नुसतं चालवून यायचं होतं! तेवढंही..." त्याचा आवाज फुटला. "मी काय मौज म्हणून पळवतो का? आत माणूस अडकलेला असतो. एकदा एक म्हातारी चार तास उभी होती अंधारात. दार उघडलं तर माझ्या अंगावर पडली. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं! कंपनीला काय सांगू आता? माझ्या बापानं मला पकडून दिलं?"

पोराचं काही खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं. त्या म्हातारीची गोष्ट त्या रात्री त्यानं घरी दोनदा सांगितली होती.

बाईंनी पाच कोरे फॉर्म पुढं सरकवले. "गाडीचे मालक तुम्ही. कोण चालवत होतं ते पुन्हा भरायचं. विचार करून भरा."

सोन्यानं पेन घेतलं. पहिल्या कागदावर टेकवलं. मग उचललं. बोटांत फिरवलं. जेव्हा बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"मॅडम, तशी मिसेसपण चालवते कधीकधी. तिचं लायसन्स आहे."

आप्पांना वाटलं होतं की हे पुढच्या महिन्यात होईल. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. मुलाच्या कपाळावर घाम होता, बोटांना लिफ्टच्या तेलाचा काळा डाग होता, आणि तो वाईट माणूस नव्हता. तो नुसता घाबरला होता. आप्पांना त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. त्यांनी यातलं काही केलं नाही. फाईलमधून पाचवा फोटो काढला आणि कोऱ्या फॉर्मवर ठेवला.

सोन्या वाकून बघू लागला.

"शाळेपुढं कोणती लिफ्ट होती रे?" आप्पा म्हणाले.

सोन्यानं फोटोतल्या वेणीला बोट लावलं, मग लगेच मागं घेतलं.

"तीच म्हणाली होती, बाबा, अजून जोरात," तो म्हणाला. मग कुणी काही विचारलं नसताना, "सात वर्षांची आहे ती."

फोटो बाजूला ठेवून त्यानं पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. पाच वेळा लिहिलं. शेवटी खिशातून लायसन्स काढून बापाच्या लायसन्सशेजारी ठेवलं. पत्र येईपर्यंत आठ दिवस ते ठेवता येतं, असं बाईंनी सांगितलं. तो म्हणाला, नको, राहू द्या.

आवारात आल्यावर दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. चावी सोन्याच्या हातात, पण दोघांपैकी कुणालाच ती लावता येत नव्हती. एरवी अशी फजिती दुसऱ्या कुणाची झाली असती तर बापलेक पोट धरून हसले असते. शेवटी सोन्यानं फोन लावला. "येतेस का?" एवढंच म्हणाला.

सूनबाई पाऊण तासानं बसमधून उतरली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची ती. गळ्यातलं दुकानाचं ओळखपत्र काढायचीही राहिली होती. दोघांचे चेहरे बघून तिनं काय झालं असेल ते ओळखलं आणि हात पुढं केला.

"चावी."

सोन्यानं दिली आणि तो सवयीनं पलीकडच्या पुढच्या दाराशी गेला. मग तिथंच थांबला, गाडीच्या टपावर हात ठेवून.

"ऐक ना," तो म्हणाला. "एका फोटोत चिमी आहे. पुढं बसलेली. पट्टा नव्हता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चावी दाराला टेकलेली तशीच राहिली.

"किती होता?"

"काय?"

"वेग."

"एक्काहत्तर."

आप्पांना वाटलं, ही ओरडेल तर बरं. ज्या हातानं तिनं ते पाचही फॉर्म भरले होते, त्या हाताकडे तिनं एकदा पाहिलं. मग दार उघडलं.

"तुम्ही मागे बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आप्पा, तुम्ही पुढं या."

सोन्या मागे बसला. तिनं सीट ओढून घेतली, आरसे वळवले, गाडी सुरू केली. गाडी हिसका देऊन बंद पडली. सोन्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पा समोर बघत राहिले. दुसऱ्यांदा गाडी निघाली, आवाराच्या फाटकाशी आली आणि तेवढ्यात सोन्याचा फोन वाजला. दुपारनंतरची ड्युटी सुरू झाली होती. पलीकडच्या माणसाचा आवाज गाडीभर ऐकू येत होता. नदीपलीकडची इमारत, सहाव्या मजल्याखाली लिफ्ट अडकली आहे, आत दोन माणसं, पोचतोस ना चाळीस मिनिटांत?

याला सोन्याचं उत्तर ठरलेलं असे. फोन कानाला, दुसरा हात चावीवर, आणि 'पोचलोच!'

त्यानं फोन छातीशी धरला. "नदीपलीकडचा कॉल आहे," तो म्हणाला. "चाळीस मिनिटांत..."

"पत्ता सांगा," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण पुलावर आत्ता गर्दी असते, आणि तू..."

"पत्ता विचारला मी."

त्यानं पत्ता सांगितला. तिनं वळायचा दिवा लावला आणि मोठ्या रस्त्यावरची गाडी जाऊ दिली. तिच्यामागून दुसरी आली, तीही जाऊ दिली. तिसरी अजून लांब होती, तिच्यासाठीही थांबली. मागं कुणीतरी हॉर्न देऊ लागलं. आप्पांनी हळूच आरशात पाहिलं. सोन्या खिडकीबाहेर बघत होता. त्यानं फोन पुन्हा कानाला लावला.

"एक तास लागेल," तो म्हणाला.

पलीकडचा आवाज चढला. नियम, कंपनी, तक्रार, असे शब्द तुटक तुटक ऐकू आले. सोन्यानं मध्ये तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं.

"हो, कळतंय मला," तो म्हणाला. "आत जे आहेत त्यांना सांगा, निघालोय म्हणून. पण एक तास."